गोचर, आयतन आणि जीवशास्त्र : एका वाचनपद्धतीची चिकित्सा

संयुत्तनिकायातील सळायतनसंयुत्तात ‘छप्पाणकोपम’ नावाचे एक सुत्त आहे. एक मनुष्य सहा प्राणी पकडतो : साप, मगर, पक्षी, कुत्रा, कोल्हा आणि माकड. प्रत्येकाला बळकट दोराने बांधून तो सहाही दोरांची मधोमध एक गाठ मारतो आणि त्यांना सोडून देतो. साप वारुळाकडे ओढ घेतो, मगर पाण्याकडे, पक्षी आकाशाकडे, कुत्रा गावाकडे, कोल्हा स्मशानाकडे आणि माकड वनाकडे. ओढून ओढून सगळे थकले की ज्याचे बळ अधिक त्याच्यामागे बाकीचे फरपटत जातात. ज्याने इंद्रियांचा संवर साधलेला नाही अशा माणसाची हीच अवस्था होते, असे तथागत सांगतात. याच सहा प्राण्यांना भक्कम खांबाला बांधले, तर ते अखेर त्या खांबापाशीच उभे राहतात, बसतात, निजतात. तो खांब म्हणजे कायगता सति.

उपमा इतकी स्वच्छ आहे की तिच्यावर भाष्य करण्याचे कारण पडू नये. परंतु गेल्या काही वर्षांत वर्षावासातील प्रवचनांतून, धम्मपरिषदांच्या स्मरणिकांतून आणि आमच्या काही अभ्यासू मित्रांच्या लेखांतून या सुत्ताचा वेगळाच उपयोग होऊ लागला आहे. आधुनिक जीवशास्त्र प्रत्येक जीवजातीला निसर्गात स्वतःचे विशिष्ट स्थान असते असे सांगते. ते भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले, असे प्रतिपादन केले जाते. पुढची पायरी म्हणजे सहा आयतने ही आजच्या शरीरशास्त्रातील संवेदी ग्राही पेशींची, ज्यांना रिसेप्टर म्हणतात त्यांची, पूर्वसूचनाच होय. आणि त्यापुढची पायरी म्हणजे पटिच्चसमुप्पाद हेच परिस्थितिविज्ञान. या वाचनपद्धतीची चिकित्सा करणे आम्हांस अगत्याचे वाटते. ती करणारे आमचेच लोक आहेत आणि त्यांचा हेतू चांगला आहे, म्हणून तर अधिकच.

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका विहारात आम्ही हे सुत्त वाचले होते. विवेचन संपल्यावर एका वृद्ध उपासकाने विचारले, “साप वारुळात राहते, कोल्हा मसणात जाते, हे सांगाले बुद्ध कायले पाहिजे गुरुजी? हे त आमच्या घरचं पोट्टंबी सांगते.” सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो, परंतु परतीच्या एस.टी.त तो प्रश्न आमच्या मनातून जाईना. वर उल्लेखिलेल्या सगळ्या लेखांचे उत्तर त्या एका वाक्यात होते.

सुत्तातील उपमा श्रोत्याला काही नवीन प्राणिशास्त्र शिकवत नाही. श्रोत्याला ते आधीच ठाऊक आहे, हेच तिचे गृहीतक आहे. ज्याने वारूळ पाहिलेले नाही त्याला सापाची ओढ कळणार नाही, आणि मग चित्ताची ओढही कळणार नाही. उपमेचे सगळे बळ श्रोत्याच्या अनुभवात आहे. तो अनुभव कोणाचा? गुराख्याचा, नांगरधाऱ्याचा, मासे मारणाऱ्याचा, स्मशानात राबणाऱ्याचा. तथागतांचे मोठेपण हे की त्यांनी या लोकांचे रोजचे ज्ञान धम्मदेशनेच्या योग्यतेचे मानले. ते ज्ञान उचलून सर्वज्ञतेच्या खात्यावर जमा केले की त्या गुराख्याचे नाव पुसले जाते. सगळे विज्ञान वेदांत होते म्हणणाऱ्यांनी हेच केले. त्यांच्या पंक्तीला आपण तिपिटक घेऊन बसावे काय, हा आमचा प्रश्न आहे.

आता मूळ शब्दाकडे वळू. प्रत्येक प्राणी ज्या दिशेने ओढतो त्याला सुत्त ‘गोचर’ आणि ‘विसय’ असे दोन शब्द योजते. गोचर म्हणजे मुळात गाईने चरण्याची जागा, आपले गायरान. पुढे अर्थ विस्तारला : कोणत्याही प्राण्याचे अन्न शोधण्याचे क्षेत्र, भिक्खूचे भिक्षाटनाचे गाव, आणि शेवटी इंद्रियाचा विषय. मराठीत ‘इंद्रियगोचर’, ‘दृग्गोचर’ या शब्दांत शेवटचा अर्थ शिल्लक आहे. पहिला अर्थ गेला, आणि त्याच्या जागी ज्योतिष्यांचे ग्रहांचे गोचर येऊन बसले. (गायरानाचे तेच झाले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, ते पडीक व गायरान जमिनींसाठीच. गोचर या शब्दाला आमच्या समाजात केवळ कोशातला अर्थ नाही, एवढेच येथे सांगून ठेवतो.)

जीवशास्त्रात या कल्पनेच्या जवळ जाणारा शब्द ‘निश’ हा आहे. त्याचा मूळ अर्थ भिंतीतील कोनाडा. १९१७ साली जोसेफ ग्रिनेल यांनी कॅलिफोर्नियातील एका झुडुपी पक्ष्याविषयी लिहिताना तो वापरला. त्यांचा रोख पक्ष्याला कसली जागा, कसले हवामान, कसला आडोसा लागतो याकडे होता. १९२७ मध्ये चार्ल्स एल्टन यांनी त्याला वेगळे वळण दिले : प्राणी कोठे राहतो यापेक्षा तो काय खातो व त्याला कोण खाते, म्हणजे जीवसमूहात त्याचे काम काय, हे महत्त्वाचे. १९३४ मध्ये गाउसे यांनी एकाच अन्नावर जगणारे पॅरामीशियमचे दोन प्रकार एका भांड्यात वाढवून दाखवले की अखेरीस एकच टिकतो. १९५७ मध्ये हचिन्सन यांनी कोनाड्याला गणिती रूप दिले. तापमान, ओलावा, अन्नाचा आकार अशा अनेक परिमाणांच्या अवकाशात जीवजात जेथे तग धरू शकते तेवढा भाग म्हणजे तिचा कोनाडा. डॉ. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला तेही १९५७ हेच साल. हा योगायोग आहे, आणि योगायोगच राहू द्यावा.

या कोनाड्यात आणि सुत्तातील गोचरात साम्य आहे, पण भेद मोठा आहे. कोनाडा ही स्पर्धेची कल्पना आहे. दोन जाती एकाच कोनाड्यात फार काळ नांदू शकत नाहीत, म्हणून त्या वेळ, जागा किंवा अन्न वाटून घेतात. नागझिऱ्याच्या जंगलात वाघ, बिबट आणि रानकुत्री तिघेही मांसाहारी आहेत. वाघ सांबर-गव्यासारखे थोराड जनावर पाडतो. रानकुत्री कळपाने आणि मुख्यतः दिवसाउजेडी शिकार करतात. बिबट मध्यम आकाराच्या सावजावर भागवतो आणि झाडावर चढून वाघाला टाळतो. उल्हास कारंथ आणि मेल्विन सनक्विस्ट यांनी नागरहोळेच्या जंगलात याच तिघांच्या सावजनिवडीचा अभ्यास करून तो १९९५ साली प्रसिद्ध केला. छप्पाणकोपम सुत्तात यातले काहीही नाही. तेथे सहा प्राण्यांत स्पर्धा आहे ती केवळ दोराची. आणि तो दोर माणसाने बांधलेला आहे. निसर्गात ते सहा प्राणी एकमेकांना ओढत नाहीत.

सतिपट्ठानसंयुत्तातील सकुणग्घि सुत्त या दृष्टीने थोडे पुढे जाते. लावा पक्षी आपल्या वडिलोपार्जित गोचराबाहेर गेला आणि ससाण्याच्या तावडीत सापडला. नांगरलेल्या ढेकळांच्या रानात असतो तर हाती लागलो नसतो, असे तो विलाप करताना म्हणतो. ससाणा गर्वाने त्याला सोडतो. लावा ढेकळावर चढून आव्हान देतो, ससाणा झेप घेतो, लावा ढेकळाआड सरकतो आणि ससाण्याची छाती ढेकळावर आदळते. भक्षक, भक्ष्य आणि आडोसा यांचा परस्परसंबंध येथे नेमका टिपला आहे. धान कापून नांगरट झालेल्या बांध्यांत मातकट लावा ढेकळांमध्ये कसा दिसेनासा होतो, हे झाडीपट्टीत कोणीही पाहू शकतो. तरीही सुत्ताला लाव्यात रस नाही. भिक्खूचे वडिलोपार्जित गोचर म्हणजे चार सतिपट्ठाने, हे त्याला सांगायचे आहे. ‘वडिलोपार्जित’ हा शब्दही तपासण्यासारखा आहे. तो संदर्भातून तोडून वाचला तर ज्याने त्याने आपल्या जन्माच्या जागी राहावे असा भलताच अर्थ निघेल. निसर्गातील स्थानावरून समाजातील स्थान ठरवण्याची खोड या देशात जुनी आहे. सुत्तांतील गोचर कोणालाही निवडता येते, ते जन्माने मिळत नाही. जीवशास्त्रातील कोनाडा जीवजातीला असतो, जातीला नव्हे. गोचर म्हणजेच कोनाडा असे घाईने म्हणणाऱ्या मित्रांनी हा धोका ध्यानात घ्यावा.

दुसरा दावा ज्ञानेंद्रियांचा. येथे तर अट्ठकथाच दाव्याविरुद्ध साक्ष देतात. अट्ठसालिनीत सहा प्राण्यांची सहा आयतनांशी जोडी लावली आहे : चक्षू सापासारखे, श्रोत्र मगरीसारखे, घ्राण पक्ष्यासारखे, जिव्हा कुत्र्यासारखी, काय कोल्ह्यासारखी आणि मन माकडासारखे. कारणे दिली आहेत ती आवडीची. सापाला झाडलेली गुळगुळीत जागा रुचत नाही, पालापाचोळ्याची उंचसखल जागा रुचते. तसेच डोळ्याला वैचित्र्य रुचते. पक्ष्याला आकाश हवे, तसा नाकाला वारा हवा. उपमा म्हणून हे सुंदर आहे. परंतु ज्याला ज्ञानेंद्रियांचे शास्त्र सांगायचे आहे तो नाक पक्ष्याला आणि जीभ कुत्र्याला देईल काय? आपल्याकडची गिधाडे मढे शोधतात ती डोळ्यांनी. पक्ष्यांच्या दृष्टिपटलात रंग ओळखणाऱ्या चार प्रकारच्या शंकुपेशी असतात, आपल्यात तीन. नाक द्यायचे तर ते कुत्र्याला. साप जिभेने हवेतील कण गोळा करून टाळूतील जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचवतो आणि जमिनीची कंपने जबड्यातून घेतो. त्याचे बळ डोळ्यांत नाही. मगरीच्या जबड्यांवरील बारीक घुमटासारखे बिंदू पाण्याच्या पृष्ठभागावरची तरंगाची हालचाल टिपतात, हे २००२ मध्ये दाखवले गेले. ते कान नव्हेत, ते स्पर्शाचे ग्राही होत. एकट्या माकडाविषयी अट्ठकथाकाराशी कोणी वाद घालणार नाही.

आणखी एक स्थळ. चक्षू आणि श्रोत्र हे विषय दूर असतानाच तो ग्रहण करतात, तर घ्राण, जिव्हा व काय यांना विषय येऊन भिडावा लागतो, असा भेद अट्ठकथांत केला आहे. ‘असंपत्तगोचर’ आणि ‘संपत्तगोचर’ या संज्ञा अभिधम्माच्या विद्यार्थ्याला परिचित आहेत. हा भेद विचारपूर्वक केलेला आहे. ताटातला पदार्थ आणि डोंगरावरचा वणवा यांत अनुभवाचे अंतर आहेच. परंतु आजच्या ज्ञानानुसार प्रकाश दृष्टिपटलावर पडल्यावाचून आणि ध्वनीची लहर अंतर्कर्णातील रोमपेशींना हलवल्यावाचून काहीही दिसत वा ऐकू येत नाही. त्या अर्थाने सर्वच ग्राही पेशी संपत्तगोचर आहेत. अट्ठकथा येथे चुकली असे स्पष्ट म्हणावे लागते, आणि तसे म्हटल्याने धम्माचे काहीही उणे होत नाही.

विसुद्धिमग्गात (धर्मानंद कोसंबींची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईहून निघाली, ती आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावी) चक्षुप्रसादाचे स्थान डोळ्याच्या काळ्या मंडलाच्या मध्यभागी, उवेच्या डोक्याएवढे, असे सांगितले आहे. तो प्रसाद सात पदरी कापसात तेल मुरावे तसा डोळ्याचे सात पदर व्यापून असतो. श्रोत्राची जागा अंगठीच्या वेढ्यासारखी आणि बारीक तांबूस केसांनी वेढलेली. या ‘केसांवर’ कोणीतरी अंतर्कर्णातील रोमपेशी उभ्या करील अशी भीती आम्हांस वाटते. तसे करू नये. रोमपेशी सूक्ष्मदर्शकावाचून दिसत नाहीत, आणि कानाच्या भोकातील केस आरशातही दिसतात.

यावर एक ठराविक उत्तर मिळते. सिंसपा वनात तथागतांनी मूठभर पाने हातात घेऊन सांगितले की आपल्याला जे ज्ञात आहे ते वनातील पानांइतके आहे आणि जे सांगितले ते मुठीतल्या पानांइतके. म्हणजे त्यांना हे शास्त्र ठाऊक होते, फक्त सांगितले नाही. ज्याने सांगितलेच नाही त्याचा पुरावा म्हणून सांगण्याचा हवाला कसा देता येईल? शिवाय न सांगण्याचे कारण त्याच सुत्तात आहे : ते दुःखनिरोधाच्या कामाचे नाही. केसमुत्ति सुत्ताने तर केवळ पिटकात आहे म्हणून काही स्वीकारू नये असे बजावले आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडात बाबासाहेबांनी बुद्धवचनाच्या कसोट्या दिल्या, त्यांतही विवेकबुद्धी, मानवाचे कल्याण आणि निश्चित व अनिश्चित कथनांतील भेद यांचाच आधार आहे. भविष्यकथन ही त्या कसोट्यांत नाही.

मग जीवशास्त्र आणि पालि यांचा काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. फक्त दिशा उलटी आहे. सुत्तांनी जीवशास्त्राला प्रमाणपत्र द्यायचे नाही. जीवशास्त्राने आम्हांला सुत्ते नीट वाचायला मदत करायची आहे.

इंद्रियाच्या बाबतीत हे विशेष जाणवते. जर्मन शास्त्रज्ञ फॉन युक्सक्युल यांनी १९३४ मध्ये गोचिडीचे उदाहरण घेतले. तिला डोळे नाहीत. सस्तन प्राण्याच्या कातडीतून येणाऱ्या ब्युटिरिक आम्लाचा वास, रक्ताची ऊब आणि केसांचा स्पर्श, एवढ्या तीन खुणांचे तिचे जग. बाकीचे अरण्य तिच्या लेखी नाहीच. ज्याचे ग्राही जसे, त्याचे जग तसे. अन्न शोधण्याची जागा आणि इंद्रियाचा विषय या दोन्हींना पालि भाषा एकच शब्द का वापरते, हे या उदाहरणाने आमच्या ध्यानात आले. एवढे साम्य आम्ही मान्य करतो. फरक असा की युक्सक्युल जगाचे वर्णन करून थांबतात. तथागत दोर कोणी बांधला ते विचारतात.

वाघाच्या जातकाचे उदाहरण घ्या. दुर्गा भागवतांच्या ‘सिद्धार्थ जातका’मुळे ही कथा मराठी वाचकाला उपलब्ध आहे. मढ्यांच्या दुर्गंधीने त्रासलेली एक वृक्षदेवता सिंह आणि वाघ यांना वनातून घालवते. त्यांची पावले दिसेनाशी होताच लोक येऊन वन तोडतात व शेते करतात. देवता वाघाला परत बोलवायला जाते, तो येत नाही. वन्यजीव सप्ताहात या कथेचे वाचन हमखास होते आणि भक्षक असला की अरण्य राखले जाते हे तत्त्व जातकात आहे असे सांगितले जाते. कथेत तसे नाही. परिस्थितिविज्ञानात वाघ तृणभक्षकांच्या संख्येवर व वागण्यावर परिणाम करतो आणि त्यातून वनस्पतींवर. जातकातील वाघ वन राखतो तो माणसाला भिववून. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातील वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या, तेव्हा दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरले : हरणांच्या दृष्टीने एक, मोह वेचायला जाणाऱ्या बाईच्या दृष्टीने दुसरा. जातककार वृक्षदेवतेच्या बाजूने पाहतो. वन तोडणारे ‘लोक’ कोण होते, त्यांच्यापाशी जमीन का नव्हती, हे तो विचारत नाही. ते आम्ही विचारले पाहिजे.

माणसाला निसर्गाबाहेर ठेवून केलेल्या कल्पना गोंदियात टिकत नाहीत, याचा पुरावा सारस आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला हा पक्षी महाराष्ट्रात मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे. अलीकडच्या गणनांत त्याची येथील संख्या पन्नाशीच्या आत आली आहे, आणि २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्या रक्षणाची स्वतःहून दखल घेतली. परसवाडा, झिलमिली यांसारखे तलाव आणि भोवतालच्या धानाच्या बांध्या हे त्याचे गोचर. तलाव माणसांनी खोदले, बांध माणसांनी घातले. सारस बांधीतच धानाची रोपे व पाणगवत रचून घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो आणि महिनाभर उबवतो. तेवढी जागा शेतकरी सोडतो, किंवा सोडत नाही. कीटकनाशक आणि उघड्या वीजतारा हे त्याचे आजचे ससाणे. हा कोनाडा शेतकऱ्याच्या सोसण्यातून बनलेला आहे.

चितळ आणि वानरे यांचेही असेच लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. वानरांनी झाडावरून टाकलेला पाला, फळे चितळ खातात व एकमेकांच्या इशाऱ्यावर सावध होतात. शेजारच्या कान्ह्यात पॉल न्यूटन यांनी केलेला यावरील अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. मोलमजुरीला जंगलात जाणाऱ्यांना ते आधी ठाऊक होते. न्यूटन यांनी मोजले. पाहणे आणि मोजणे या दोन्हींचा मान वेगवेगळा राखता येतो. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) वनाधिकारी असूनही नवेगावबांधच्या माधवराव पाटलांसारख्या माणसांकडून शिकल्याचे लिहीत राहिले. त्यांच्या लेखनातील गूढाची ओढ आम्हांस मानवत नाही. परंतु शिकवणाऱ्याचे नाव घेण्याची ही रीत आमच्या धम्मलेखकांनी जरूर उचलावी.

शेवटी एक शब्द. धम्मपदाच्या जरावग्गात, तारुण्यात ना ब्रह्मचर्य पाळले ना धन मिळवले अशा माणसांना मासे संपलेल्या तळ्यातील म्हाताऱ्या ‘कोंच’ पक्ष्यांची उपमा दिली आहे. आमच्याकडील अनुवादांत बहुधा ‘क्रौंच’ असे संस्कृत रूप ठेवतात, आणि क्रौंच म्हणजे सारस अशी वाचकाची समजूत असते. सारस कंद, दाणे, कीटक, बेडूक, गोगलगाई असे मिळेल ते खातो. मासे हा त्याच्या आहाराचा लहानसा भाग. मासे संपले म्हणून तो तळ्यात झुरत बसणार नाही. उपमा ज्याला लागू पडते तो केवळ मासळीवर अवलंबलेला, पाण्याकाठी निश्चल उभा राहणारा पक्षी असला पाहिजे; म्हणजे बगळ्याच्या कुळातला. पुढल्या वेळी त्याच विहारात आम्ही ही गाथा वाचली आणि कोणता पक्षी असावा असे विचारले. मागच्या बाकावरून एका ढिवर बाईने उत्तर दिले, “बगळाच जी. सारस कायले बसन, तो त धानात जाते.” आमच्या पालि वर्गाच्या टिपणात आम्ही ‘क्रौंच’ काढून ‘म्हातारा बगळा’ असे केले आहे.